तारेचे घरातले टोक

श्रोतेहो, टेलिफोनची तार खांबावरून आपल्या घरात येते, तेव्हा तिचे घरातले टोक कोणाचे? प्रश्न साधा दिसतो. कालव्याचे पाणी सरकारी असते, पण ते एकदा शेतात आले म्हणजे कोणत्या सरीला आधी पाजावयाचे हे शेतकरीच ठरवतो. विजेची तार कंपनीची असते, पण मीटरच्या पुढे दिवा लावावा की पंखा, हे आपले आपण ठरवतो. टेलिफोनच्या तारेचे मात्र तसे नव्हते. तिच्या घरातल्या टोकाला काय जोडावे, हे पुष्कळ वर्षे घरमालकाच्या हाती नव्हते. तो अधिकार मिळविण्यासाठी अमेरिकेत आणि युरोपात लोकांना कचेऱ्यांचे आणि कोर्टांचे उंबरठे झिजवावे लागले. १९४८ साली सुरू झालेल्या या भांडणाचा एक मोठा टप्पा थेट २०१६ साली संपला. त्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

तुम्ही म्हणाल, हा परमुलखातला वाद आमच्या काय कामाचा? कामाचा आहे. शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा घरात इंटरनेट येते ते एका लहानशा पेटीतून. तिला राऊटर म्हणतात. पुष्कळदा ही पेटी इंटरनेट देणारी कंपनीच देते. ती बिघडली, अपुरी पडली किंवा तिचे भाडे जड झाले, तर बाजारातून दुसरी आणता येते. ही पेटी कंपनीची नव्हे, तिऱ्हाईत कारखान्याची. दिसावयास तशीच, प्लगही तोच. पण जोडली की चालेलच असे नाही. दुकानदार म्हणतो, पेटी चोख आहे. कंपनी म्हणते, आमची लाइन चोख आहे. आणि या दोघांच्या मध्ये गुरुजी हातात वायर धरून उभे! असे का होते, हे समजावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळाले. पुढे अमेरिकेतला टेलिफोनचा बहुतेक सारा कारभार अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ या एका बलाढ्य कंपनीच्या हाती गेला. तार तिची, एक्स्चेंज तिचे आणि घरातले यंत्रही तिचेच. ग्राहक ते विकत घेत नसे, भाड्याने वापरी. कंपनीच्या नियमांत एक कलम होते. त्याचा आशय असा, की कंपनीने न दिलेली कोणतीही वस्तू टेलिफोनला जोडता कामा नये.

कंपनीचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे समजू नका. टेलिफोनचे जाळे हे एकच मोठे यंत्र आहे, असे ती म्हणे. एखाद्याने भलतेच उपकरण जोडले आणि तारेत जास्त दाबाची वीज शिरली, तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल, शेजाऱ्यांच्या बोलण्यातही खरखर होईल. ही भीती खरी होती. पण त्या भीतीच्या आडोशाने सारा बाजारही कंपनीच्याच हाती राहत होता, हेही तितकेच खरे.

या कलमाला पहिला मोठा धक्का दिला तो एका साध्या कपाने. हश-अ-फोन नावाची ही वस्तू १९२० च्या दशकापासून विकली जात होती. टेलिफोनच्या बोलावयाच्या तोंडावर ती बसवायची आणि तिच्यात बोलायचे. आपण कानाशी कोणी बोलताना ओंजळ धरतो ना, तसाच हा प्रकार. बोलणे शेजारच्या टेबलावर ऐकू जात नसे, आणि कचेरीतला गलबला फोनमध्ये शिरत नसे. तिच्यात वीज नाही, तार नाही, काही नाही. तरी कंपनीने ग्राहकांना बजावले, की ही वस्तू वापरणे नियमाबाहेर आहे.

हश-अ-फोन विकणाऱ्या लहानशा कंपनीचे प्रमुख हॅरी टटल यांनी १९४८ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाकडे तक्रार नोंदवली. ध्वनिशास्त्राचे नामांकित पंडित लिओ बेरानेक यांनी या कपाची रचना सुधारून दिली होती. आयोगाने वर्षानुवर्षे विचार करून १९५५ मध्ये निकाल दिला, तो टटल यांच्या विरुद्ध. टटल अपिलात गेले. १९५६ मध्ये कोर्टाने आयोगाचा निकाल फिरवला. कोर्टाने सांगितलेल्या तत्त्वाचा सारांश असा: ज्यात इतरांचे नुकसान नाही, अशा रीतीने आपला टेलिफोन आपल्या सोयीने वापरण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. शेवटी हाताच्या ओंजळीने जे करता येते, तेच कपाने केले तर बिघडले कुठे?

दुसरे भांडण टेक्सासमधले. थॉमस कार्टर नावाच्या उद्योजकाने कार्टरफोन नावाचे यंत्र तयार केले. तेलाच्या विहिरींवर आणि दूरदूरच्या गुरांच्या कुरणांवर काम करणारी माणसे बिनतारी यंत्रावर बोलत. त्यांना गावातल्या टेलिफोनशी जोडून द्यावयाचे हे त्या यंत्राचे काम. ते कसे होई पाहा. मुख्य ठाण्यावरचा माणूस टेलिफोनचा हातात धरावयाचा भाग उचलून कार्टरच्या यंत्रावर ठेवी. बिनतारी यंत्राचा आवाज यंत्रातल्या लहान कर्ण्यातून टेलिफोनच्या तोंडात जाई, आणि टेलिफोनचा आवाज यंत्र ऐकून बिनतारीवर पाठवी. तारेला तार कोठेच लागत नसे. १९५९ ते १९६६ या काळात अशी सुमारे ३,५०० यंत्रे विकली गेली. कंपनीने जुने कलम पुढे केले. कार्टर १९६५ मध्ये कोर्टात गेले. कोर्टाने प्रकरण आयोगाकडे धाडले. आणि जून १९६८ मध्ये आयोगाने निकाल दिला, की हे कलम अवाजवी आणि भेदभाव करणारे आहे. जाळ्याला अपाय न करणारे उपकरण जोडण्याची मनाई करता येणार नाही.

तरी कंपनीने आणखी काही वर्षे तिढा धरला. बाहेरचे यंत्र जोडावयाचे तर मध्ये आमचाच एक संरक्षक डबा भाड्याने घ्या, अशी अट तिने घातली. शेवटी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तोड निघाली. उपकरणाची चाचणी होऊन त्याची नोंदणी व्हावी, मग ते कोणीही जोडावे. जोडणीसाठी एकसारखा प्लग ठरला. टक् असा आवाज करून बसणारा, नखाने दाबला की सुटणारा तो पारदर्शक लहान प्लग तुम्ही पाहिला असेलच. त्याला आरजे-११ म्हणतात. कार्टरच्या भांडणातून जी वाट निघाली, तिचेच ते फळ. पुढे याच प्लगने टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडले गेले आणि घरातला संगणक दूरच्या संगणकाशी बोलू लागला.

अमेरिकेत हे घडत होते तेव्हा युरोपात काय चालले होते? पश्चिम जर्मनीचे उदाहरण घेऊ. तिथे टेलिफोन हे सरकारी टपाल खात्याचे काम होते. खात्याने मंजूर न केलेला मोडेम तारेला जोडणे हा तिथे गुन्हा ठरे. १९८० च्या दशकात संगणकाच्या नादी लागलेल्या काही तरुणांनी घरच्या घरी मोडेम बनविण्याची कृती छापून प्रसिद्ध केली. त्यांना कार्टरचीच युक्ती सुचली होती. टेलिफोनचा हातातला भाग दोन रबरी कड्यांत बसवायचा आणि आवाजाच्या द्वारे संगणकाचा निरोप तारेत सोडायचा. अगदी नेमक्या मापाची रबरी कडी त्यांना मिळाली ती संडासाच्या नळजोडणीच्या दुकानात! म्हणून त्या यंत्राला त्यांनी थट्टेने नावही तसेच दिले, ‘डाटेनक्लो’, म्हणजे माहितीचा संडास. हसू येते खरे. पण कायद्याने दार बंद केले की माणूस कशी वाट काढतो, याचा हा मासला आहे. पुढे १९८८ मध्ये युरोपीय आयोगाने सदस्य देशांना आज्ञा केली, की टेलिफोनच्या टोकाला जोडावयाच्या यंत्रांची मक्तेदारी मोडून काढा.

इथवर भांडण प्लगचे होते. प्लग लावू द्या, एवढेच लोकांचे मागणे. आता या कथेत डीएसएल येते आणि भांडणाचे रूप पालटते.

डीएसएल म्हणजे काय, हे शिक्षकांनी मुलांना शेताच्या उदाहरणाने सांगावे. टेलिफोनवरच्या बोलण्याला दर सेकंदाला सुमारे ४,००० कंपनांपर्यंतचीच जागा लागते. तांब्याच्या तारेतून मात्र थोड्या अंतरापर्यंत दहा लाखांहून अधिक कंपने जाऊ शकतात. म्हणजे मोठ्या शेताच्या एका कोपऱ्यात भाजी लावावी आणि बाकीचे रान पडीक ठेवावे, तशी ही गत. अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधनसंस्थेतले जोसेफ लेचलायडर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की घराकडे येणारी वाट रुंद आणि घराकडून जाणारी वाट अरुंद ठेवली, तर एकाच केबलमधल्या शेजारच्या तारांचा एकमेकींना होणारा त्रास कमी होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन चॉफी यांनी त्या पडीक रानाचे बारीक वाफे पाडले. एडीएसएल या पद्धतीत असे २५६ वाफे असतात, प्रत्येकाची रुंदी सुमारे ४.३ किलोहर्ट्झ. पहिले काही वाफे बोलण्यासाठी मोकळे सोडतात, त्यानंतरचे थोडे घराकडून माहिती पाठवायला आणि उरलेले सगळे माहिती आणायला.

मोडेम चालू केला की त्याच्यावरचा दिवा आधी काही वेळ उघडझाप करतो. त्या वेळात घरचा मोडेम आणि एक्स्चेंजमधले यंत्र मिळून एकेक वाफा तपासत असतात. जो वाफा सकस, त्यात जास्त पेरायचे. जो खडकाळ, तो मोकळा सोडायचा. यात एक गंमत आहे. रेडिओच्या मध्यम लहरी ५३१ किलोहर्ट्झपासून सुरू होतात, आणि त्यांचा मोठा भाग या वाफ्यांच्या पट्ट्यातच पडतो. खांबावरची लांबलचक तार एरिअलसारखी वागते आणि जवळच्या प्रक्षेपणाचा आवाज पकडते. मग मोडेम तेवढे वाफे गुपचूप सोडून देतो. एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितके वरचे वाफे वाळत जातात. म्हणून पाच किलोमीटरच्या आसपास गेले की या पद्धतीचा जोर संपतो. वस्तीवरच्या शाळेला गावातल्या शाळेपेक्षा इंटरनेट मंद का मिळे, त्याचे एक मोठे कारण हे.

ही सारी खटपट मुळात तारेवरून घरोघर सिनेमे दाखविण्यासाठी चालली होती. तो बेत फारसा साधला नाही. पण तेवढ्यात इंटरनेट आले आणि तयार रस्ता त्याला मिळाला.

आता कंपन्यांपुढे नवा पेच पडला. पूर्वी इंटरनेटसाठी फोन लावावा लागे. फोन लागला, नाव आणि पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, सांगितला, की नोंद सुरू. फोन ठेवला की नोंद बंद. डीएसएलची तार मात्र सदाच जोडलेली. मग कोण आले, कोण गेले, कोणाचे किती बिल, हे कसे समजावे? जुनी नोंदवही तर कंपन्यांपाशी तयार होती. ती टाकून देण्यापेक्षा जुनीच हजेरीची पद्धत नव्या तारेवर बसविण्यात आली. फेब्रुवारी १९९९ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध झाले. तिचे नाव पीपीपीओई. नाव बोजड आहे, काम सोपे आहे.

शिक्षकांनी हा खेळ वर्गात करून पाहावा. एक मुलगा राऊटर होतो. तो मोठ्याने विचारतो, “इथे हजेरी घेणारे कोणी आहे का?” दुसरा उत्तर देतो, “मी आहे.” पहिला म्हणतो, “मग माझी हजेरी तुम्हीच घ्या.” दुसरा त्याला एक क्रमांक देतो आणि सांगतो, “घेतो. इथून पुढे या क्रमांकाने बोल.” एवढ्या चार बोलण्यांनंतर नाव आणि पासवर्ड विचारला जातो. तो जुळला की त्या राऊटरला इंटरनेटवरचा पत्ता मिळतो. राऊटर चालू केल्यावर दर वेळी हेच घडते, फक्त डोळ्याचे पाते लवते न लवते तोच.

या हजेरीला थोडी किंमत मोजावी लागते. घरातल्या जाळ्यात माहितीचे एक पाकीट जास्तीत जास्त १,५०० बाइटांचे असते. हजेरीचा शिक्का त्यातले ८ बाइट खातो. उरतात १,४९२. तिऱ्हाईत राऊटरमध्ये हा आकडा १,५०० च राहिला, तर एक चमत्कारिक दुखणे होऊ शकते. काही संकेतस्थळे झटकन उघडतात, काही अर्धवट उघडून अडून बसतात. कारण लहान पाकिटे दारातून जातात, मोठी चौकटीला अडकतात. अशा वेळी लाइनला दोष देण्याआधी हा आकडा पाहावा.

दुसरी एक जोडी आकड्यांची असते. डीएसएलच्या तारेवर माहिती फार बारीक तुकडे करून पाठवीत. एका तुकड्यात माहितीचे ४८ बाइट आणि वर पत्त्याचे ५. हे ४८ कोठून आले? अमेरिकेकडून ६४ ची मागणी होती, युरोपातून ३२ ची. कोणी हटेना. शेवटी मधला आकडा घेतला! शास्त्रातही कधी कधी पंचांनी ठरवावे तसे ठरते. तर त्या पाच बाइटांच्या पत्त्यात दोन क्रमांक असतात, व्हीपीआय आणि व्हीसीआय. एक वाटेचा, दुसरा त्या वाटेवरच्या पदरीचा म्हणा. कोणते क्रमांक वापरावयाचे हे ज्याची त्याची कंपनी ठरवी. जर्मनीत १ आणि ३२, इंग्लंडात ० आणि ३८, आपल्याकडे बीएसएनएलचे ० आणि ३५. हे आकडे चुकले तरी मोडेमवरचा लाइनचा दिवा स्थिर जळतो. कारण तो दिवा एवढेच सांगतो, की वाफे तयार झाले. पाणी आले की नाही, हे तो सांगत नाही. कितीतरी चांगल्या पेट्या या एका गैरसमजापायी दुकानात परत गेल्या असतील.

आता तुमच्या ध्यानात आले असेल, की भांडणाचे रूप पालटले म्हणजे काय झाले. प्लग सगळ्यांसाठी खुला झाला. पण नाव, पासवर्ड आणि हे आकडे कंपनीने सांगितलेच नाहीत, तर खुल्या प्लगचा उपयोग काय? कुलूप तारेवरून निघाले आणि शब्दावर जाऊन बसले.

जर्मनीत नेमके हेच झाले. काही कंपन्या आपलाच राऊटर देत आणि हजेरीचा पासवर्ड ग्राहकाला सांगत नसत. त्यांचे म्हणणे, आमचे जाळे भिंतीतल्या प्लगपाशी संपत नाही, ते आमच्या राऊटरच्या पलीकडच्या बाजूला संपते. सबब राऊटर हा आमच्याच जाळ्याचा भाग. पाहा, १९४८ चा युक्तिवाद नवे कपडे घालून पुन्हा दारात उभा! लोकांनी या प्रकाराला ‘राऊटर-सक्ती’ असे नाव दिले. वाद बरीच वर्षे चालला. २०१५ मध्ये युरोपीय संघाने, आपल्या पसंतीचे यंत्र वापरण्याचा अधिकार ग्राहकाला आहे, असा नियम केला. आणि १ ऑगस्ट २०१६ पासून जर्मनीत कायदाच अमलात आला, की कंपनीची हद्द भिंतीतल्या जोडणीपाशी संपते, आणि जोडणीला लागणारी सगळी माहिती कंपनीने नव्या ग्राहकाला न मागता, फुकट आणि लेखी द्यावी. ‘न मागता आणि लेखी’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. नुसती परवानगी दिली आणि माहिती दडवून ठेवली, तर ती परवानगी कागदावरच राहते, हे त्या कायद्याने ओळखले.

दरम्यान पेटीच्या आतले दारही उघडले होते. लिंक्सिस कंपनीचा एक राऊटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या पोटात लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली आहे, हे काही जाणकारांनी २००३ मध्ये शोधून काढले. तिच्या परवान्याची अट अशी, की तिच्यात जे फेरबदल केले ते इतरांनाही खुले करावे. कंपनीला तसे करावे लागले. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली उभी राहिली. आता राऊटर कोणाचा एवढेच नव्हे, तर त्याने वागावे कसे, हेही ज्याला शिकावयाचे आहे त्याला शिकता येऊ लागले.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईत टेलिफोनचे एक्स्चेंज १८८२ साली, म्हणजे बेल यांच्या पेटंटनंतर सहाच वर्षांनी निघाले. पण खेड्यात टेलिफोन पोहोचावयास शंभर वर्षे लागली म्हटले तरी चालेल. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने १२८ जोडण्यांचे लहानसे ग्रामीण एक्स्चेंज बनविले. ते वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चाले. त्यामुळे गावोगाव तारा गेल्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. ऑक्टोबर २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट ठरला, आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने त्याच तांब्याच्या तारांवर डीएसएलची सेवा सुरू केली. मोडेम भाड्याने घ्यावा किंवा स्वतःचा आणावा, अशी मुभाही होती. अमेरिकेत आणि जर्मनीत जिच्यासाठी इतकी भांडणे झाली, ती गोष्ट आपल्याकडे फारसा गाजावाजा न होता आली. मात्र न भांडता मिळालेल्या हक्काची एक खोड असते. तो आपल्यापाशी आहे, हे पुष्कळांना माहीतच नसते.

तिऱ्हाईत राऊटर डीएसएलच्या तारेला जोडावयाचे दोन मार्ग. पहिला, मोडेम आणि राऊटर एकाच पेटीत असलेले यंत्र आणावे आणि त्यात क्रमाने वाटेचे दोन आकडे, पीपीपीओई, नाव, पासवर्ड व १,४९२ भरावे. दुसरा, कंपनीचा मोडेम ठेवावा, पण त्याला ‘ब्रिज’ म्हणजे नुसता पूल करावा. पूल जसा जाणाऱ्याला अडवून नावगाव विचारीत नाही, तसा तो मोडेम माहिती नुसती पलीकडे सोडतो. हजेरी देण्याचे काम आपला नवा राऊटर करतो. दोन्ही पेट्यांना राऊटरपण दिले, की एका म्यानात दोन तलवारी होतात. दोघीही घरातल्या यंत्रांना पत्ते वाटू लागतात, कधी कधी दोघींचा स्वतःचा पत्ताही एकच असतो, आणि गोंधळ माजतो.

पण श्रोतेहो, हक्काबरोबर जबाबदारीही येते. लाइनमनच्या जिवाची काळजी करणाऱ्या जुन्या कंपनीचे म्हणणे सगळेच खोटे नव्हते, हे मी आधी सांगितले. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत एका मोठ्या कंपनीच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांच्या पेट्या एका हल्ल्याने बंद पडल्या. कंपनीला दुरून देखभाल करता यावी म्हणून ठेवलेल्या दारावरच हल्लेखोरांनी धडका दिल्या होत्या. सगळ्या शिवारात एकच वाण असले म्हणजे एकच रोग सारे पीक नेतो, तसा हा प्रकार. म्हणजे पेटी कंपनीची असली तर ती सुरक्षितच, असे नाही. उलट बाजूही पाहा. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम बिघडवले गेले. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्यांत तसाच राहिलेला होता. नवे घर घेतले तर आपण कुलूप बदलतो. राऊटर आपला असला की त्याचे कुलूप बदलणे आणि कारखान्याकडून येणाऱ्या सुधारणा वेळच्या वेळी भरणे, हेही आपलेच काम होते.

तांब्याच्या तारेचा काळ आता मावळत चालला आहे. भारतनेटसारख्या योजनांतून ग्रामपंचायतींपर्यंत काचेचा तंतू आला आहे. त्यावर वाफे नाहीत, ०-३५ नाही. पण तंतूच्या टोकाला पेटी आहेच, आणि पुष्कळ ठिकाणी हजेरीची तीच पीपीपीओई पद्धत आहे. तेव्हा तारेचे टोक कोणाचे, हा प्रश्न तांब्याबरोबर संपलेला नाही. तो तंतूबरोबर पुढे आला आहे.

म्हणून शिक्षकांना आणि गावकारभाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. शाळेत किंवा पंचायतीत इंटरनेटची जोडणी घेताना चार गोष्टी कागदावर मागून घ्या: जोडणीची पद्धत कोणती, नाव आणि पासवर्ड काय, वाटेचे आकडे असतील तर ते कोणते, आणि पेटी भाड्याची की आपल्या मालकीची. तो कागद जमिनीच्या उताऱ्यासारखा दप्तरी जपून ठेवा आणि पासवर्ड चारचौघांत वाचून दाखवू नका. गुरुजींची बदली होते, लाइनमन बदलतो, पेट्या जुन्या होतात. कागद मात्र राहतो. टटल आणि कार्टर यांनी ज्या हक्कासाठी वर्षे घातली, तो हक्क आपल्या गावात याच चार ओळींत उतरलेला असतो. त्या ओळी आपल्यापाशी असल्या, तर तारेचे घरातले टोक आपले.